जन्म पाहून वर्गाबाहेर काढलेला शास्त्रज्ञ : ब्रुनो टुशेक

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा एक बोगदा आहे. सर्न या संस्थेच्या या बोगद्यात अतिसूक्ष्म कणांचे दोन झोत समोरासमोर धडकवले जातात. २०१२ साली हिग्ज बोसॉन इथेच सापडला आणि ‘देवकण’ या नावाने आपल्याकडेही घराघरात पोहोचला. तिथल्या सीएमएस या महाकाय शोधकयंत्राचा एक भाग उभारण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा वाटा आहे. पण याच बोगद्यात आधी जे यंत्र होते, त्याची मूळ कल्पना ज्याच्या डोक्यातून आली, त्या माणसाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. ते नाव आहे ब्रुनो टुशेक.

आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी, पदार्थविज्ञानाचे नव्हे. तरीही त्यांचे आयुष्य वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवली की काय होते आणि काय होता होता राहते, या दोन्ही गोष्टी त्यात दिसतात.

टुशेक यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९२१ रोजी व्हिएन्नामध्ये झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. आई ज्यू कुटुंबातली होती आणि ब्रुनो लहान असतानाच ती वारली. पण आईचे कूळ मुलाच्या मागे राहिले. ज्यू वंशामुळे त्यांना शाळेचे शेवटचे वर्ष वर्गात बसून पूर्ण करता आले नाही. अंतिम परीक्षा बाहेरून द्यावी लागली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला. टुशेक यांनी व्हिएन्ना विद्यापीठात प्रवेश मिळवला खरा, पण १९४० मध्ये तिथूनही त्यांना काढून टाकले गेले. अभ्यासात ते कमी पडले नव्हते, त्यांनी कोणता गुन्हाही केला नव्हता. त्यांचा दोष एकच, आई कोणत्या घरात जन्मली.

समाजशास्त्रात याला जन्मदत्त दर्जा म्हणतात. माणसाने कमावलेला नसतो आणि त्याला झटकताही येत नाही. हा शब्द पुस्तकात शिकण्याची गरज आपल्या समाजाला कधी पडली नाही, तो आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगावर भोगला आहे. युरोपातला वंशद्वेष आणि आपल्याकडची जातिव्यवस्था एक नाहीत, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण पाण्यापासून तोडणे, शाळेपासून तोडणे, पुस्तकापासून तोडणे ही हत्यारे ओळखीची वाटतात.

व्हिएन्नातले एक तरुण शिक्षक, पाउल अर्बन, त्यांच्या मदतीला आले. टुशेक यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे दार बंद होते, तेव्हा अर्बन यांनी त्यांना पुस्तके मिळवून दिली. त्यांच्याच ओळखीने टुशेक म्युनिकचे थोर शास्त्रज्ञ अर्नोल्ड झोमरफेल्ड यांच्यापर्यंत पोहोचले. झोमरफेल्ड यांच्या शिफारशीने ते हॅम्बुर्गला गेले. जिथे आपले कूळ कोणाला ठाऊक नाही, अशा शहरात राहणे त्यांना अधिक सुरक्षित वाटले. तिथे नाव न नोंदवता ते व्याख्यानांना बसत आणि पोटासाठी इलेक्ट्रॉनिक नळ्या बनवणाऱ्या कंपनीत काम करत.

याच काळात त्यांची गाठ रॉल्फ विडेरो या नॉर्वेजियन अभियंत्याशी पडली. विडेरो जर्मनीत बीटाट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनला चुंबकाच्या साहाय्याने गोल फिरवत वेग देणारे यंत्र, उभारत होते. या कामाला जर्मन हवाईदलाच्या मंत्रालयाचा पैसा होता. ज्या राजवटीने टुशेक यांना विद्यापीठातून हाकलले, तिच्याच पैशावर चाललेल्या प्रकल्पाने त्यांना काही काळ आडोसा दिला. ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही आणि त्यावरून त्यांचा निवाडा करणेही आम्हाला सोपे वाटत नाही. जीव वाचवण्यासाठी माणूस कुठे उभा राहतो, हे निवड करण्याची मोकळीक असलेल्यांनी सांगू नये.

१९४५ च्या सुरुवातीला गेस्टापोने टुशेक यांना अटक केली. विडेरो तुरुंगात त्यांना भेटायला जात, खायला नेत, सिगारेट नेत. सोबत त्यांनी पदार्थविज्ञानाचे एक पुस्तकही नेऊन दिले. टुशेक यांनी त्या पुस्तकाच्या पानांवर अदृश्य शाईने बीटाट्रॉनवरचे एक टिपण लिहिले. पुढे कैद्यांना हॅम्बुर्गहून कीलच्या छावणीकडे पायी नेण्यात आले. टुशेक तापाने फणफणलेले होते, हातात पुस्तकांचे जड गाठोडे होते. ते रस्त्याच्या कडेला कोसळले. एसएसच्या पहारेकऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली. गोळी कानामागे लागली, रक्त वाहू लागले, मेला असे समजून त्यांना तिथेच टाकून तांडा पुढे गेला. ते मेले नव्हते. त्यांना इस्पितळात नेले गेले, नंतर पुन्हा तुरुंगात, आणि युद्ध संपता संपता सुटका झाली. तेव्हा त्यांचे वय होते २४.

युद्धानंतर १९४६ मध्ये त्यांनी गॉटिंगेनहून पदविका घेतली, १९४९ मध्ये ग्लासगोहून डॉक्टरेट. १९५२ च्या अखेरीस ते रोमला आले. त्यांची मावशी आडा तिथेच राहत असे. रोम हे मग त्यांचे कर्मस्थान झाले.

आता त्यांचे मुख्य काम. कणाच्या आत काय आहे हे पाहायचे तर त्याला वेग देऊन कशावर तरी आदळायचे, हा जुना मार्ग. पण उभ्या असलेल्या गाडीला धावती गाडी धडकली, तर बरीचशी ऊर्जा दोन्ही गाड्या पुढे ढकलण्यात जाते. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या सारख्याच वेगाने धडकल्या, तर सगळी ऊर्जा धडकेतच खर्ची पडते. ही कल्पना विडेरो यांनी १९४३ मध्येच पेटंटसाठी मांडली होती. १९५० च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉन धडकवण्याची तयारी सुरू झाली. त्यासाठी एकमेकांना भिडणारी दोन कडी लागत होती.

टुशेक यांनी वेगळा विचार केला. इलेक्ट्रॉनचा प्रतिकण म्हणजे पॉझिट्रॉन. वस्तुमान तेवढेच, विद्युतभार नेमका उलटा. मग एकाच कड्यात, एकाच चुंबकात इलेक्ट्रॉन एका दिशेने आणि पॉझिट्रॉन उलट दिशेने आपोआप त्याच मार्गावर फिरतील. शिवाय कण आणि प्रतिकण भेटले की दोघेही नष्ट होतात आणि त्यांची सगळी ऊर्जा नवे कण जन्माला घालायला मोकळी होते. ७ मार्च १९६० रोजी रोमजवळच्या फ्रास्काती प्रयोगशाळेत त्यांनी हा प्रस्ताव व्याख्यानातून मांडला. वर्षही पुरे झाले नाही, तोच फेब्रुवारी १९६१ मध्ये यंत्र चालू झाले. कार्लो बर्नार्दिनी, जानफ्रांको कोराझा आणि जोर्जो गिगो हे त्यांचे सहकारी होते.

यंत्राचे नाव आडा. ‘साठवणीचे कडे’ अशा अर्थाच्या इटालियन शब्दांचे ते लघुरूप आणि योगायोगाने मावशीचेही नाव. कड्याचा व्यास जेमतेम सव्वा मीटर, म्हणजे एखाद्या गोल जेवणाच्या टेबलाएवढे. आत निर्वात पोकळी, बाहेर आठ टनांचे चुंबक, प्रत्येक झोताची ऊर्जा जास्तीत जास्त २५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. वळणावर फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो. हा प्रकाश प्रकाशनळीने टिपून आत किती इलेक्ट्रॉन उरले हे मोजले जाई. एकेक इलेक्ट्रॉन निसटला की नोंदीच्या कागदावर आलेख एक पायरी खाली येई.

फ्रास्कातीत कड्यात पुरेसे कण भरता येत नव्हते. म्हणून १९६२ च्या उन्हाळ्यात आडा ट्रकवर चढली आणि आल्प्स पर्वत ओलांडून पॅरिसजवळच्या ऑर्से इथे गेली. आतली निर्वात पोकळी टिकावी म्हणून वाटेत पंप बॅटरीवर चालू ठेवले होते. ऑर्सेला फ्रेंच शास्त्रज्ञ सामील झाले. १९६३ मध्ये तिथे एक अडचण समोर आली. कण जितके जास्त भरावेत, तितका झोत लवकर विरू लागला. एकाच घोळक्यातले इलेक्ट्रॉन आपसात आदळून मार्गाबाहेर फेकले जातात, हे कारण टुशेक यांनीच शोधले. याला आज ‘टुशेक परिणाम’ म्हणतात. इंदूरच्या इंडस-२ सारख्या कड्यांमध्येही झोत किती वेळ टिकेल याचा हिशेब करताना तो धरावा लागतो. त्यानंतर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन खरोखरच धडकत असल्याचा पुरावा आडाने जगात पहिल्यांदा दिला.

पुढे फ्रास्कातीत १०५ मीटर घेराचे मोठे यंत्र उभे राहिले, आदोने. ते १९६९ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी जे-साय नावाचा नवा कण शोधला. त्याची ऊर्जा आदोनेच्या ठरवलेल्या मर्यादेच्या किंचितच वर होती. बातमी कळताच फ्रास्कातीकरांनी यंत्र मर्यादेपलीकडे ताणले आणि काही दिवसांतच तो कण त्यांनाही दिसला. पण शोधाचा मान निसटला होता.

टुशेक यांची प्रकृती शेवटच्या वर्षांत फार ढासळली. २५ मे १९७८ रोजी इन्सब्रुक इथे ५७ व्या वर्षी ते गेले. १९८९ मध्ये सर्नच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात लेप हे यंत्र सुरू झाले. एकाच कड्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन, हीच आडाची कल्पना. ते पाहायला टुशेक नव्हते.

आम्ही वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत काम करतो. तिथे बुद्धीची वानवा कधी जाणवत नाही. वानवा असते ती पुस्तकाची, शांत खोलीची, फी भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी मदत करणाऱ्या माणसाची. टुशेक यांच्या आयुष्यात एक अर्बन होते, एक विडेरो होते. त्यांनी व्यवस्था उलथवली नाही, पण एकाने ग्रंथालयातून पुस्तक आणून दिले, दुसऱ्याने ते तुरुंगात पोहोचवले. आणि पहारेकऱ्याची गोळी बोटभर सरकली असती, तर या दोघांचेही श्रम रस्त्याच्या कडेला संपले असते. म्हणून केवळ भल्या माणसांच्या भरवशावर समाज चालत नाही. शिक्षणाचे दार कोणाच्या कृपेने नव्हे, तर हक्काने उघडे असले पाहिजे, आणि ते कायद्यात लिहिलेले असले पाहिजे.

त्या काळी जे वर्गाबाहेर काढले गेले आणि परतले नाहीत, त्यांच्यात किती टुशेक होते हे कोणीच मोजू शकत नाही. आपल्याकडचा हिशेबही तसाच कोरा आहे. यापुढे तो कोरा राहू नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे. आपल्या गल्लीतल्या विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या एका मुलीला किंवा मुलाला यंदा लागेल ते पुस्तक मिळते आहे की नाही, एवढे प्रत्येकाने पाहिले तरी सुरुवात होईल.