लुई अगासी : पाहायला शिकवणारा शिक्षक



उत्क्रांतीचा धडा आला की आपण मुलांना डार्विनची ओळख करून देतो. पण डार्विनला शेवटपर्यंत विरोध करणारा एक मोठा शास्त्रज्ञ त्याच काळात होऊन गेला. विशेष म्हणजे तो हाडाचा शिक्षक होता. त्याचे नाव लुई अगासी.

बालपण व शिक्षण

अगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिए या तळ्याकाठच्या गावी झाला. वडील प्रॉटेस्टंट पाद्री होते. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. माशांचे वेड लहानपणापासूनच. पुढे झुरिच, हायडेलबर्ग आणि म्युनिक येथे शिकून ते डॉक्टर झाले खरे, पण मन माशांतच रमले. विद्यार्थी असतानाच, १८२९ मध्ये, त्यांनी ब्राझीलच्या माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

दगडातले मासे

पॅरिसमध्ये जॉर्ज क्युव्हिए या थोर शास्त्रज्ञाने तरुण अगासींची हुशारी ओळखली आणि जीवाश्म माशांवरची स्वतःची टिपणे त्यांना देऊन टाकली. त्यातूनच १८३३ ते १८४३ या काळात अगासींचा पाच खंडांचा ग्रंथ तयार झाला. खवल्यांच्या रचनेवरून त्यांनी माशांचे गट पाडले. जुन्या खडकांतल्या माशांची शेपटी आजच्या माशांच्या गर्भातल्या शेपटीसारखी दिसते, हेही त्यांनी दाखवले.

मग याचा अर्थ काय? अगासींच्या मते प्रत्येक जाती ईश्वराने स्वतंत्रपणे निर्माण केली. मोठी संकटे आली, जुने जीव नष्ट झाले आणि ईश्वराने नवे घडवले. एका जातीतून दुसरी जाती होते, हे त्यांना मान्य नव्हते.

हिमयुगाचा शोध

युरोपात डोंगरउतारांवर भलत्याच जातीच्या खडकाचे प्रचंड धोंडे सापडत. ते महापुराने आणले असे बऱ्याच जणांना वाटे. शार्पांतिए या अभ्यासकाचे म्हणणे होते की हे काम हिमनद्यांचे. अगासींना आधी ते पटले नाही. पण १८३६ मध्ये त्यांनी प्रत्यक्ष जाऊन हिमनद्या, त्यांनी ओढलेले ओरखडे, धोंडे पाहिले आणि मत बदलले! १८३७ मध्ये त्यांनी हिमयुगाची कल्पना शास्त्रज्ञांपुढे मांडली आणि १८४० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पुरावा दिसला की मत बदलायचे, याचे हे सुंदर उदाहरण आहे.

अमेरिकेतील शिक्षक

१८४६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. त्यांची शिकवण्याची रीत बघा. नवीन विद्यार्थी आला की त्याच्यासमोर स्पिरिटमधला एक मासा ठेवायचा आणि फक्त पाहायला सांगायचे. भिंग नाही, पुस्तक नाही. सॅम्युएल स्कडर या विद्यार्थ्याला तर तीन दिवस एकच मासा पाहावा लागला. कंटाळून तो चित्र काढायला बसला, तेव्हा कुठे त्याला नवनवीन गोष्टी दिसू लागल्या.

डार्विनला विरोध

१८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. अगासींनी जाहीर विरोध केला. हार्वर्डमधलेच वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे मात्र डार्विनच्या बाजूने उभे राहिले. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते, हे लक्षात घ्या. जपानमधल्या आणि पूर्व अमेरिकेतल्या कितीतरी वनस्पती सारख्या आहेत, हे त्यांनी दाखवले. या वनस्पतींचे पूर्वज एकच, हवामान बदलले तशा त्या दोन्हीकडे विखुरल्या, असे त्यांचे म्हणणे. गंमत म्हणजे या मांडणीत अगासींचेच हिमयुग कामी आले!

१८६५ मध्ये अगासी ब्राझीलला गेले. अॅमेझॉनच्या खोऱ्यातही हिमनद्या होत्या हे दाखवले, तर जुने सगळे जीव संपून नवे निर्माण झाले असे म्हणता येईल, ही त्यांची आशा. खुणा सापडल्या असे त्यांनी जाहीरही केले, पण ते चुकीचे ठरले. यावेळी उत्तर आधी ठरले होते, पुरावा नंतर शोधला गेला.

स्वतंत्र निर्मितीची हीच कल्पना त्यांनी माणसांनाही लावली. मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि कृष्णवर्णीय कमी प्रतीचे, असे ते मानत. १८५० मध्ये त्यांच्या सांगण्यावरून साउथ कॅरोलायनात गुलाम स्त्री-पुरुषांचे कपडे उतरवून फोटो काढले गेले. गुलामगिरीच्या समर्थकांना अशा विचारांचा आधार मिळाला. हा भाग मुलांपासून लपवू नये. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात त्यांच्या नावाची शाळा होती. मारिया बाल्डविन या कृष्णवर्णीय शिक्षिका अनेक वर्षे तिच्या मुख्याध्यापिका होत्या. २००२ मध्ये त्या शाळेला बाल्डविनबाईंचे नाव देण्यात आले.

अखेर

१८७३ च्या उन्हाळ्यात अगासींनी पेनिकीज बेटावर शिक्षक-शिक्षिकांसाठी निसर्ग अभ्यासाची शाळा भरवली. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या थडग्यावर स्वित्झर्लंडच्या हिमनदीवरून आणलेला धोंडा ठेवला आहे. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी पुढे उत्क्रांती स्वीकारली.

आपण काय घ्यावे?

घरात श्रद्धा असते, वर्गात विज्ञान असते. मूल विचारते, मग खरे काय? अशा वेळी त्याला गप्प करू नका. हातात एक पान, एक शिंपला द्या. पाहू द्या, चित्र काढू द्या, काय दिसले ते लिहू द्या. आणि त्याला दिसलेले आपल्या उत्तराशी जुळले नाही, तर त्याच्याबरोबर बसून आपणही पुन्हा पाहावे. अगासी हिमनदीपाशी तसे वागले, डार्विनच्या बाबतीत मात्र नाही.