बाबासाहेबांची सनद

परमपूज्य बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आजचं प्रतापसिंह हायस्कूल ते हेच. वर्गात त्यांना वेगळं बसावं लागे. तेव्हा आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवे हे तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते.

हाच विद्यार्थी पुढे लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला. पण बॅरिस्टर झालं तरी इथल्या कोर्टात उभं राहायला सनद लागते. त्या काळी ती मुंबई हायकोर्ट स्वतः देत असे. अर्ज करायचा, फी भरायची, मग वकिलांच्या यादीत नाव लागायचं. बाबासाहेबांजवळ फीपुरते पैसेही नव्हते. नवल भथेना हे पारशी मित्र धावून आले. जुलै १९२३ मध्ये वकिली सुरू झाली.

सनद मिळाली, पण जात सुटली नाही. सॉलिसिटर लोक खटले देईनात. म्हणून बाबासाहेब जिल्ह्याच्या कोर्टात जात. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत कायदा शिकवत. पण वकिली सोडली नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतः प्रतिवादी होते. नऊ वर्षांवर दावा चालला आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

१९६१ च्या कायद्यानंतर सनद देण्याचं काम बार कौन्सिलकडे आलं. बंधू-भगिनींनो, आपल्या सातारा-सांगलीच्या पोरापोरींनी कायदा शिकावा. फीपायी कुणाची सनद अडली, तर विहारातल्या प्रत्येक घराने नवल भथेना व्हावं.