मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाकडे : ताराबाई मोडक यांची जीवनकहाणी



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शहरांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांनी दीड वर्षाहून जास्त काळ वर्गाचा उंबरठा पाहिला नाही. आता कोरोना मागे पडला, पण शाळा बंद राहण्याचे दिवस संपलेले नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-पालघरला रेड अलर्ट आला की रात्रीच ग्रुपवर सुट्टीचा निरोप येतो. मग सकाळी प्रत्येक घरात तोच प्रश्न, आता मुलाला दिवसभर काय द्यायचं? मोबाईल?

या प्रश्नावर ज्या बाईंनी आयुष्यभर काम केलं, त्यांचं कार्यक्षेत्र आपल्यापासून फार लांब नाही. भाईंदरहून उत्तरेकडे निघालं की वसईची खाडी ओलांडून, विरार, पालघर, डहाणू रोड करत घोलवड स्टेशन येतं. तिथून जवळच बोर्डी गाव आणि कोसबाडची टेकडी. त्या बाई म्हणजे पद्मभूषण ताराबाई मोडक. 'अंगणवाडी' हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी आहे, पण तो कुठून आला हे किती जणांना माहीत आहे? चला, आज त्यांचं जीवन समजून घेऊया.

जन्म आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघंही प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांचे. त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही, हा प्रश्नच त्या घरात नव्हता. तो काळ लक्षात घ्या. मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत होती आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. अशा काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठातून बी.ए. झाल्या.

पुढे त्यांचं लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालं. एक मुलगी झाली. पण संसार टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळं होऊन, लेकीला घेऊन स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे काय असेल, याची कल्पना तुम्हीच करा. ताराबाईंनी राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयात प्राचार्यपद स्वीकारलं. नोकरी चांगली, मान मोठा. तरीही त्यांचं मन तिथे रमलं नाही. ज्या मुलांसाठी शिक्षिका तयार करायच्या, ती मुलं नेमकी शिकतात कशी, हे त्यांना जवळून पाहायचं होतं.

भावनगर : गिजुभाईंची साथ

१९२३ च्या सुमारास ताराबाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेल्या. तिथे गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं याचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले आणि वकिली सोडून दिली. गुजरातेत लोक त्यांना प्रेमाने 'मिशीवाली आई' म्हणायचे!

दोघांवरही इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांचा प्रभाव होता. मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं होतं. मूल हातांनी, डोळ्यांनी, कानांनी शिकतं, त्याला योग्य वस्तू द्या आणि मोकळं सोडा, हा त्या पद्धतीचा गाभा. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. 'शिक्षणपत्रिका' हे मासिक गुजरातीतून निघायचं, मराठी आवृत्तीची जबाबदारी ताराबाईंनी घेतली. मुलांना मारू नका, धाक दाखवू नका, हे त्या मराठी पालकांना त्या काळात सांगत होत्या. आजही हे आपल्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, हो ना?

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. बालवर्ग आणि शिक्षिकांचं प्रशिक्षण दोन्ही तिथे होऊ लागलं. नाव झालं, कौतुक झालं. पण एक गोष्ट ताराबाईंना टोचत होती. मॉन्टेसरीचं शिक्षण गरीब वस्तीत जन्मलं, आणि भारतात मात्र ते फक्त खात्यापित्या घरांपर्यंतच पोचत होतं. लाकडी साहित्य महाग, फी परवडणारी नाही. मग खेड्यातल्या, पाड्यावरच्या मुलाचं काय?

बोर्डी : अंगणात भरलेली शाळा

या प्रश्नाचं उत्तर शोधायला ताराबाई १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी पुण्याच्या हुजूरपागा शाळेतल्या एक शिक्षिका त्यांना येऊन मिळाल्या, अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, असं अनुताईंचं बालपण. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींची जोडी पुढे अठ्ठावीस वर्षं टिकली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली खरी, पण तिथे आली कोण? गावातल्या बऱ्या घरची मुलं. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची मुलं येईनात. आता इथे आपण काय केलं असतं बघा. 'या पालकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही' असं म्हणून मोकळे झालो असतो. ताराबाईंनी तसं केलं नाही. मूल का येत नाही, याचा शोध त्यांनी घेतला. आणि ठरवलं, मूल शाळेत येत नाही ना, मग आपण शाळा घेऊन त्याच्या दारात जाऊ.

शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचं अंगण झाडायचं, मुलांना गोळा करायचं. आधी हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी! इमारत नाही, बाक नाहीत, घंटा नाही. पण मूल आहे आणि त्याच्याकडे लक्ष देणारं मोठं माणूस आहे. शाळा व्हायला एवढं पुरतं.

महाग साहित्याचं काय? तेही त्यांनी परिसरातच शोधलं. समुद्रकाठचे शंखशिंपले, बिया, खडे, पानं, माती. लहान-मोठं लावायचं, मोजायचं, रंगांप्रमाणे वेगळं करायचं, यासाठी या वस्तू लाकडी संचाइतक्याच कामाच्या ठरल्या. वर त्या फुकट आणि मुलांच्या ओळखीच्या.

कोसबाड : विकासवाडी आणि कुरणशाळा

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. भोवती वारली आदिवासींचे पाडे. इथे नवी अडचण समोर आली. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नव्हती, कारण आई कामावर गेली की धाकट्या भावंडाला तीच सांभाळायची. तिला रागवून काय उपयोग? मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. ताई वर्गात, मधला बालवाडीत आणि तान्हं पाळणाघरात. हिचं नाव विकासवाडी.

थोडी मोठी मुलं गुरं चारायला रानात जायची. गुरं सोडून ती वर्गात कशी येणार? म्हणून शिक्षक कुरणावर जाऊ लागले. गुरं चरताहेत आणि झाडाखाली अभ्यास चाललाय, ही कुरणशाळा. दिवसा वेळच नसलेल्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले.

लक्षात आलं ना? प्रत्येक वेळी प्रश्न तोच, मूल का येत नाही? आणि प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर. सगळ्या मुलांसाठी एकच साचा त्यांनी कधी वापरला नाही.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिलं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज तो शब्द देशभर चालतो. अनुताईंनी कोसबाडचं काम १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत पुढे नेलं.

आपण काय घ्यायचं?

कोरोनाच्या काळात ऑनलाईन तासाला मुलं गैरहजर दिसायची. पट तीस-पस्तीसचा आणि स्क्रीनवर आठ-दहा चेहरे. आपल्या मिरा-भाईंदरमध्ये असं का झालं असेल? घरात फोन एकच आणि तो वडिलांसोबत कामावर. रिचार्ज संपलेला. एका खोलीत पाच माणसं. धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण. कारणं जवळजवळ तीच, जी ताराबाईंनी कोसबाडला पाहिली होती. तेव्हा पुढच्या वेळी शाळा बंद राहिली, तर हजेरी घेण्याआधी प्रत्येक मुलाचं कारण वहीत लिहून काढूया. ज्याच्याकडे फोन आहे त्याला निरोप, ज्याच्याकडे नाही त्याला आदल्या दिवशी कागदावरचा उपक्रम. आणि शेजारच्या दोन-तीन मुलांना एकत्र बसवणारी एखादी सातवी-आठवीतली ताई किंवा दादा.

पालकांनी घरी सहज करून घ्यावेत असे काही उपक्रम देतो. विकत काहीच आणायचं नाही.

इयत्ता पहिली-दुसरी :

१. मूग, चवळी, राजमा एका ताटात मिसळा. मुलाने वेगळे करायचे, दहा-दहाचे गट करायचे आणि एकूण सांगायचे. दशक-एकक आपोआप समजतो.

२. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालून घरातल्या माणसांप्रमाणे लावायच्या. वर्गीकरणही होतं आणि आईला मदतही.

३. मसाल्याच्या, बिस्किटांच्या रिकाम्या पाकिटांवरची ओळखीची अक्षरं शोधायची. 'म' किती वेळा सापडला?

४. आजी-आजोबांकडून रोज एक गोष्ट ऐकायची आणि चित्रात काढायची. घरात बोलली जाणारी भाषा कोणतीही असो, आगरी, कोळी, गुजराती, हिंदी, चालेल. गोष्ट महत्त्वाची.

इयत्ता तिसरी-चौथी :

१. भाकरीचे किंवा पोळीचे दोन, चार, आठ समान भाग करून अपूर्णांक सांगायचे. शेवटी खाऊन टाकायचे!

२. भाईंदर ते घोलवड सगळी स्टेशनं क्रमाने लिहायची. वाटेत कोणत्या खाड्या-नद्या लागतात ते मोठ्यांना विचारून भर घालायची. भूगोल पाठ करावा लागत नाही.

३. ताटलीत थोडं मिठाचं पाणी उन्हात ठेवायचं आणि रोज काय बदललं ते लिहायचं. तळाशी पांढरे कण उरले की भाईंदरच्या मिठागरांची गोष्ट सांगा. बाष्पीभवन हा शब्द मग मुलाला कधी विसरायला होणार नाही. (पावसाळ्यात हा उपक्रम नको, ऊन हवं.)

४. उत्तन-चौक-पालीकडच्या मुलांनी चार दिवस भरतीची वेळ घरच्यांना विचारून लिहायची. रोज साधारण पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त, ती पुढे सरकते. असं का, ते शाळा उघडल्यावर वर्गात बोलूया.

पालकांना एक विनंती. यातलं रोज एकच घ्या, वीस-पंचवीस मिनिटं पुरे. मूल चुकलं तर लगेच उत्तर सांगू नका, त्याला पुन्हा करून बघू द्या. तुम्ही कमी शिकलेले असाल तरी काही बिघडत नाही. डाळ निवडणं, माप घेणं, हिशेब ठेवणं, गोष्ट सांगणं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं येतं.

शिक्षकांनाही एक सुचवणं. शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी 'किती धडे मागे पडले' याऐवजी 'घरी काय केलंत' हे विचारा. ज्या मुलाने धाकट्या बहिणीला आठवडाभर सांभाळलं, तेही त्याने काहीतरी शिकलेलंच आहे. त्याला वर्गासमोर बोलू द्या.

आपल्या वस्तीत इमारती उंच झाल्या, अंगणं उरली नाहीत. पण चाळीचा व्हरांडा आहे, सोसायटीचं पार्किंग आहे, गच्ची आहे. त्यातली एक जागा आणि आठवड्यातला एक तास तुमच्या आसपासच्या चार मुलांसाठी ठरवून टाका. केलेले उपक्रम जपून ठेवा आणि इतर पालकांनाही सांगा.