डॉ. सॅम्युअल ऑर्टन

एखादे मूल एरवी हुशार असूनही वाचनात अडखळू लागले, की आपण त्यास आळशी ठरवून मोकळे होतो. क्वचित् वेतही उगारतो. अमेरिकेतील डॉ. सॅम्युअल ऑर्टन (१८७९–१९४८) यांनी अशा मुलांची बाजू घेतली, म्हणून त्यांचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते.

ऑर्टन हे मेंदूच्या विकारांचे जाणते वैद्य. १९२५ साली आयोवा प्रांतात सोळा वर्षांचा एक मुलगा त्यांच्यापुढे आला. समज चांगली, पण वाचन जवळजवळ शून्य! अशी मुले इंग्रजी ‘बी’च्या जागी ‘डी’ वाचतात, शब्दही उलटा लावतात, हे त्यांनी बारकाईने टिपले. मेंदूच्या दोन अर्धांच्या झगड्यामुळे असे घडते, ही त्यांची उपपत्ति पुढे टिकली नाही. उपाय मात्र टिकला. अक्षर डोळ्यांनी पाहावे, त्याचा ध्वनि उच्चारावा, त्याच वेळी ते हाताने गिरवावे. ध्वनि पक्के झाल्यावरच ते जोडून शब्द करावा. (आमच्या पंतोजींची धूळपाटी येथे कोणास आठवेल!) ॲना गिलिंगहॅम व बेसी स्टिलमन या बाईंनी १९३० नंतरच्या दशकात त्याचे क्रमवार धडे बांधिले. ऑर्टन व गिलिंगहॅम यांच्या जोडनावाने ती पद्धति आजही शिकविली जाते.