लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि आमचा पंप



मला लाल आणि हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. मागे मी झाडाची पाने तांबडी रंगवली, तेव्हा मुले खूप हसली. मला रडूच आले. तेव्हा आजोबांनी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावी झाला. त्यांना चित्रकलेची भारी आवड. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पण त्यांच्या डोळ्यांना काही रंग कळेनात. चित्रकार होणे राहून गेले, तरी ते खचले नाहीत. यंत्राच्या चित्राला रंग लागत नाही, रेघ बरोबर लागते. ते चित्र ते शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवूही लागले.

पुढे नोकरी सोडून त्यांनी बेळगावला भावाबरोबर सायकलींचा धंदा केला, मग कारखाना काढला. लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांना वाटे, म्हणून तो आधी खपेना. १९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी निवडुंगाचे माळरान दिले. तिथे किर्लोस्करवाडी वसली. नांगर खपले, पाण्याचे पंपही होऊ लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले.

आमच्या कुळगावच्या वाडीत विहिरीवर पंप आहे. त्यात पंखा फिरतो व पाणी बाहेर फेकतो. पण खालची झडप गळली की नळात हवा शिरते. हवा हलकी, ती पंख्याने फेकली जात नाही. पंप नुसताच घुं घुं करतो आणि भेंडी सुकते. मग मी नि बाबा बादलीने पंपात पाणी भरतो.

मळसूत्री पंप निराळा. त्यात नळीत घट्ट बसणारे मळसूत्र फिरते. त्याच्या खाचेत हवा सापडली तर तीही पुढे ढकलली जाते. हवा गेली की मागून पाणी आपोआप चढते. आत थोडे पाणी शिल्लक असले म्हणजे झाले, दर वेळी बादली नको. मात्र तो कोरडा फिरवायचा नाही.

मी मळसूत्राचे चित्र काढून शेजारी लावले आहे. नुसते पेन्सिलीचे आहे. रेघा बरोबर आल्यात का, ते बघा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी