थोडे, पण कायमचे
(हजरत अब्दुल्लाह बिन अम्र बिन आस रजि. यांचे चरित्र)

वाचकहो, रमजानच्या महिन्यात आपल्या मोहल्ल्यातील मशिदीत जाऊन पाहा. तरावीहला मागच्या सफेतही उभे राहायला जागा मिळत नाही. घरोघरी सहरीला दिवे लागतात, लहान मुलेसुद्धा रोजा धरण्याचा हट्ट करतात, वर्षभर न उघडलेले कुरआन शरीफ जुजदानातून बाहेर येते. मग ईदचा चंद्र दिसतो. ईदगाहवर गळाभेटी होतात, शीरखुर्मा वाटला जातो, आणि आठ दिवसांच्या आत फजरच्या नमाजेला एक सफसुद्धा पुरी भरत नाही. कुरआन शरीफ पुन्हा फळीवर जाते.

रमजानमध्ये जे साधले ते शव्वालमध्ये का साधत नाही? हा प्रश्न तुम्हांला पडत असेल, तर एका सहाबींचे चरित्र तुम्ही अवश्य वाचावे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी ज्यांना इबादत वाढवायला नव्हे, तर कमी करायला सांगितले, असे हे सहाबी. त्यांचे नाव हजरत अब्दुल्लाह बिन अम्र बिन आस (रजि.).

मक्केच्या कुरैश टोळीतील बनू सहम घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील हजरत अम्र बिन आस हे मोठे हुशार आणि मुत्सद्दी गृहस्थ. आरंभी ते इस्लामचे कट्टर विरोधक होते. हबशामध्ये आश्रयाला गेलेल्या मुसलमानांना परत आणण्यासाठी कुरैशांनी नजाशीच्या दरबारी जे वकील पाठवले, त्यांत तेही होते. पुढे हिजरी 8 मध्ये, म्हणजे इ. स. 629 मध्ये, त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि नंतर मिसर देश जिंकणारे सेनापती म्हणून ते इतिहासात अमर झाले. परंतु ईमानाच्या बाबतीत मुलाने बापाला मागे टाकले होते. अब्दुल्लाह (रजि.) वडिलांच्या आधीच मुसलमान झाले होते.

विद्यार्थी मित्रांनो, अब्दुल्लाह (रजि.) यांची पहिली ओळख लक्षात ठेवा, ती लेखणीची आहे. ज्या काळी अरबस्तानात लिहिता-वाचता येणारी माणसे थोडीच होती, त्या काळी हा तरुण पैगंबरांच्या तोंडून जे ऐके ते लिहून ठेवी. काही कुरैशी मंडळींनी त्यांना अडवले. पैगंबर हेही मनुष्य आहेत, ते कधी रागात बोलतात, कधी खुशीत, मग सगळेच कसे लिहितोस, असे त्यांचे म्हणणे होते. अब्दुल्लाह यांनी लेखणी थांबवली आणि ही गोष्ट पैगंबरांच्या कानावर घातली. पैगंबरांनी आपल्या मुखाकडे बोट दाखवले, येथून सत्याखेरीज काहीही बाहेर पडत नाही असे शपथेवर सांगितले, आणि लिहीत राहण्याची आज्ञा केली. त्या लिखाणाला त्यांनी सादिका, म्हणजे सत्य सांगणारी, असे नाव दिले. ही वही ते जिवापाड जपत. त्यांचे पणतू अम्र बिन शुऐब यांच्यामार्फत तिच्यातील हदीसी पुढच्या पिढ्यांना मिळाल्या. सर्वांत जास्त हदीसी ज्यांच्या नावे आहेत, त्या हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनीसुद्धा कबूल केले होते, की अब्दुल्लाह यांच्यापाशी माझ्याहून अधिक हदीसी असतील, कारण ते लिहून ठेवत आणि मी लिहीत नसे.

इबादतीच्या बाबतीतही हा तरुण असाच झपाटलेला होता. जन्मभर रोज दिवसा रोजा धरायचा आणि रात्रभर नमाजेत उभे राहायचे, असा त्यांनी निश्चय केला. एका रात्रीत संपूर्ण कुरआन शरीफ पढून काढायचे, हाही त्यांचा नेम होता. याच सुमारास वडिलांनी कुरैश घराण्यातील एका चांगल्या मुलीशी त्यांचे लग्न लावून दिले. अम्र बिन आस हे सुनेची विचारपूस करायला येत. नवरा कसा आहे, असे त्यांनी विचारले तेव्हा त्या शहाण्या मुलीने तक्रार केली नाही. माणूस फार चांगला आहे, असेच ती म्हणाली. मात्र संसाराकडे त्यांचे अजिबात लक्ष नाही, हे तिने मर्यादेच्या शब्दांत सुचवले. सासऱ्यांना काय ते समजले. त्यांनी ही गोष्ट पैगंबरांच्या कानावर घातली.

पालकहो, आपला मुलगा रात्रंदिवस नमाज-रोजात गढलेला असला, तर आपण त्याचे कौतुकच करू. पैगंबरांनी मात्र अब्दुल्लाह यांना बोलावून घेतले आणि असे करू नको म्हणून सांगितले. रोजाही धर आणि सोडही. रात्री उभाही राहा आणि झोपही. तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, डोळ्यांचा हक्क आहे, पत्नीचा हक्क आहे, घरी येणाऱ्या पाहुण्याचाही हक्क आहे, असे त्यांना समजावले. महिन्यातून तीन रोजे पुरेत, कारण एका नेकीचा बदला दहापट मिळतो, म्हणजे तीन रोज्यांत सारा महिना आला, असा सोपा हिशेबही पैगंबरांनी मांडून दाखवला.

पण तरुण रक्त ते! अब्दुल्लाह म्हणाले, माझ्यात याहून अधिक शक्ती आहे. पैगंबरांनी थोडे वाढवून दिले. ते पुन्हा म्हणाले, याहूनही अधिक करू शकतो. असे होता होता शेवटी हजरत दाऊद (अलै.) यांच्या रोज्यावर गोष्ट थांबली. एक दिवस रोजा आणि एक दिवस सुटी, याहून वरचढ रोजा नाही, असे सांगून पैगंबरांनी पुढचा रस्ता बंद केला. कुरआन शरीफचेही असेच झाले. महिन्यातून एकदा पुरे करायचे, येथून सुरुवात झाली आणि सात दिवसांत एकदा, येथे गोष्ट ठरली.

याच अब्दुल्लाह यांना पैगंबरांनी आणखी एक इशारा दिला होता. अमका मनुष्य रात्री उठून नमाज पढत असे, मग त्याने ते सोडून दिले, तू त्याच्यासारखा होऊ नको, असे त्यांना सांगितले. त्या मनुष्याचे नाव हदीसमध्ये दिलेले नाही. वाचकहो, ते नाव नाही हेच बरे. तेथे तुमचे-आमचे, कुणाचेही नाव बसू शकते. शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात तर गावातील निम्म्या लोकांची नावे तेथे बसतील.

आता या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग ऐका. वर्षे गेली. पैगंबर या जगातून गेले. अब्दुल्लाह (रजि.) यांनी मुसलमानांची आपापसातील लढाईही पाहिली. इ. स. 657 मध्ये सिफ्फीनच्या मैदानात वडिलांच्या आज्ञेमुळे त्यांना हजर राहावे लागले, कारण वडील हयात असेपर्यंत त्यांची आज्ञा पाळ असे पैगंबरांनीच त्यांना सांगितले होते. पण तेथे त्यांनी कुणावर हत्यार चालवले नाही, आणि आपण तेथे गेलो याचे दुःख त्यांना पुढे जन्मभर राहिले. या सर्व धामधुमीत रोजांचा आणि पठणाचा नेम चालू होता.

मग म्हातारपण आले. जे शरीर तारुण्यात कशालाच दमत नव्हते, ते आता एक दिवसाआडच्या रोज्याने थकू लागले. तेव्हा अब्दुल्लाह (रजि.) हळहळून म्हणत, की पैगंबरांनी दिलेली सवलत मी तेव्हाच घेतली असती तर किती बरे झाले असते! ते तीन रोजे आज त्यांना घरादारापेक्षा प्रिय वाटत होते.

मग त्यांनी नेम सोडला का? नाही. अशक्तपणा फार वाटला, की ते काही दिवस सलग रोजे सोडत, त्या दिवसांची मोजदाद ठेवत, आणि अंगात ताकद आली की तेवढेच रोजे धरून भरपाई करत. रात्री पढायचा कुरआन शरीफचा सातवा हिस्सा दिवसाच घरातील कुणाला तरी म्हणून दाखवत, म्हणजे रात्री तो सोपा जाई. पैगंबरांचा निरोप घेताना आपण ज्या नेमावर होतो, त्यात उणे पडू द्यायचे नाही, एवढीच त्यांची इच्छा होती. हिजरी 65 च्या सुमारास त्यांचे निधन झाले. म्हणजे पैगंबरांच्या मागे 50 हून अधिक वर्षे त्यांनी शब्द राखला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही, की नेम ठरवताना आपल्या सर्वांत जोमाच्या दिवसाचा हिशेब धरू नये, सर्वांत दुबळ्या दिवसाचा धरावा. रमजानमध्ये सारे गाव जागे असते, सारे घर रोजा धरते, म्हणून आपणही वाहत्या पाण्याबरोबर पोहत जातो. शव्वालमध्ये पाणी उलटे वाहते. तेव्हा रमजानचा सारा भार तसाच पुढे नेऊ पाहणारा मनुष्य चार दिवसांत बसतो, आणि एकदा बसला की सगळेच टाकून देतो. आपल्याकडे अशा माणसाला आरंभशूर म्हणतात. दुसरी गोष्ट ही, की नेम मोडलाच तर तो संपला असे मानू नये. मोजून ठेवावे आणि भरून काढावे.

हजरत आयशा (रजि.) यांना पैगंबरांच्या इबादतीविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी जो अरबी शब्द वापरला तो संथपणे सतत पडणाऱ्या पावसासाठी वापरतात. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. वळीव धो-धो कोसळतो आणि माती वाहून नेतो. संततधार जमिनीत मुरते, आणि पीक तिच्यावर येते. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल तोच, जो थोडा असला तरी नित्य चालतो, ही हदीसही आयशा (रजि.) यांच्याकडूनच आपल्याला मिळाली आहे.

मग थोडे म्हणजे किती? याचेही उत्तर अब्दुल्लाह (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसींत सापडते. रात्रीच्या नमाजेत जो 10 आयती पढेल, त्याची गणना गाफील लोकांत होणार नाही, ही हदीस त्यांच्याकडूनच आली आहे. दुसरी हदीस तर आणखी सोपी आहे. प्रत्येक फर्ज नमाजेनंतर सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह आणि अल्लाहु अकबर 10-10 वेळा म्हणावे. पाच नमाजांचे मिळून 150 होतात. झोपताना पहिले दोन 33-33 वेळा आणि अल्लाहु अकबर 34 वेळा, असे 100 होतात. तोंडाने 250, आणि तराजूत 2500. हे काम सोपे आहे, पण करणारे थोडे आहेत, असे पैगंबरांनी त्याच वेळी सांगितले. कारणही सांगितले. नमाज संपताच शैतान काही तरी कामाची आठवण करून देतो आणि माणूस उठून जातो. अंथरुणावर पडताच तो झोप आणतो. वाचकहो, आपला अनुभव याहून वेगळा आहे काय?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. नेम म्हणजे केवळ रोजे आणि तस्बीह नव्हे. अब्दुल्लाह (रजि.) यांच्या घरी एकदा बकरी कापली गेली. घरी येताच त्यांनी पहिला प्रश्न केला, तो आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का, हा. उत्तर मिळेपर्यंत त्यांनी तो पुन्हा विचारला. शेजाऱ्याच्या हक्काविषयी पैगंबरांची ताकीद त्यांच्या कानांत अजून घुमत होती. रमजानमध्ये आपण शेजाऱ्याकडे इफ्तारीचे ताट पाठवतो, जिभेला आवर घालतो, गरिबाला दारातून विन्मुख जाऊ देत नाही. या सवयी ईदच्या चंद्राबरोबर मावळल्या, तर महिनाभर उपाशी राहून आपण मिळवले काय?

पालकहो, मुलांवर एकदम मोठे ओझे टाकू नका. शव्वालचे सहा रोजे घरातील मोठ्यांनी धरावेत. मुले पाहून शिकतात. त्यानंतर ज्यांना जमेल त्यांनी चांद्रमासाच्या 13, 14 आणि 15 तारखेचे तीन रोजे धरावेत. पैगंबरांनी अब्दुल्लाह यांना आरंभी दिलेला नेमही महिन्यातून तीन रोज्यांचाच होता. मगरिबनंतर घरात एक पान कुरआन शरीफ वाचले जावे, शक्य तर अर्थासह. एकच पान, पण चुकवू नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आम्ही शिक्षक वर्गात जे पाहतो ते असेच आहे. परीक्षेच्या आदल्या महिन्यात रात्री जागवणारे पुष्कळ. जूनपासून रोज एक तास अभ्यास करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे कोण जातो, हे तुम्हांला ठाऊक आहे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण इल्मला लागू आहे तशीच इबादतीलाही. ज्या हाताने अब्दुल्लाह (रजि.) यांनी सादिका लिहिली, त्याच हाताने त्यांनी आपल्या सुटलेल्या रोज्यांची मोजदाद ठेवली. तुम्हीही एक लहानशी वही घ्या. तिच्यात एकच नेम लिहा, म्हातारपणीही निभेल असा लहान. तो चुकेल त्या दिवशी खूण करा आणि दुसऱ्या दिवशी भरून काढा.

अल्लाह आपणा सर्वांना रमजानची कमाई वर्षभर सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.