सरखेल कान्होजी आंग्रे : पाणी आणि पाठ

गेल्या दिवाळीच्या सुटीत अलिबागला मावशीकडे गेलो होतो. ओहोटीच्या वेळी वाळूतून चालत कुलाबा किल्ला गाठला. तिथे भेटलेल्या एका कोळीकाकांनी भरती लागण्याआधी आम्हांला परत फिरायला लावले. किनाऱ्यावर येऊन मागे वळून पाहतो तो काय, आलो ती वाट पाण्याखाली गेलेली! कान्होजी आंग्रे यांचे नाव शाळेपासून ऐकत आलो. पण त्यांची युद्धयोजना त्या क्षणी प्रथम उमगली.

वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात होते. १६९८ च्या सुमारास मराठी आरमाराची सूत्रे कान्होजींच्या हाती आली. इंग्रज व पोर्तुगीज यांची जहाजे मोठी, तोफा भारी. भर समुद्रात त्यांच्याशी टक्कर घेणे म्हणजे पराभवाला आमंत्रणच. म्हणून लढाई कोठे व्हावी, हे कान्होजींनी स्वतः ठरविले. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही ठाणी हाताशी ठेवली. वारा पडला की वल्ह्यांची गलबते तोफांच्या गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीला नेत. कारण शत्रूच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत. संकट आले की उथळ खाडीत शिरावे. पाण्यात खोल बसणारी जहाजे तिथे येणार कशी?

त्यांचे दस्तक न घेणारी व्यापारी जहाजे ते पकडीत. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. पण पोर्तुगीज तर याच समुद्रावर कितीतरी आधीपासून परवान्याची सक्ती करीत होते! मग चाचा एकटे कान्होजीच कसे?

तथापि त्यांचे खरे शहाणपण मला जमिनीवर दिसते. १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे चालून आले, तेव्हा कान्होजींनी त्यांना कैद केले. परंतु बाळाजी विश्वनाथांनी सलोख्याचा हात पुढे करताच त्यांनी तो स्वीकारला आणि शाहूंचा पक्ष धरला. समुद्राकडे तोंड करून लढायचे, तर पाठीमागची जमीन आपली हवी, हे त्यांनी ओळखले होते.

त्याचे फळ १७२१ मध्ये मिळाले. १७१७ ला विजयदुर्गावर आणि १७१८ ला खांदेरीवर हात पोळलेल्या इंग्रजांनी या खेपेस पोर्तुगीजांना सोबत घेतले. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजेही कुलाब्यासमोर उभी राहिली. पण घाटावरून बाजीराव पेशव्यांची फौज उतरली. हल्ला फसला, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि युती मोडली.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. पुढे मुलांत भाऊबंदकी माजली; कुलाबा एकाकडे, विजयदुर्ग दुसऱ्याकडे. १७५६ साली इंग्रजांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले, तेव्हा जमिनीवरून त्यांच्या साथीला खुद्द पेशव्यांची फौज होती! किल्ला तोच, खाडी तीच. पाठ मात्र आपली राहिली नव्हती.

मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळाला १९५१ साली 'आंग्रे' हे नाव मिळाले. तो गौरव यथार्थच आहे. पण आपण विद्यार्थ्यांनी कान्होजींचे विजय पाठ करताना १७५६ ची ती आगही विसरू नये. अलिबागची भरती रोज येते आणि रोज ओसरते. घरातल्या दुहीने बुडालेली वाट मात्र पुन्हा उघडी पडली नाही.